औषध आणि त्याचे सोबती

बोरघाट चढून गाडी खंडाळ्यास पोचली, म्हणजे मुंबईच्या दमट हवेत आंबलेल्या शरीराला एकदम हलके वाटू लागते. १८६३ साली या घाटातून लोहमार्ग सुरू झाला, आणि तेव्हापासून दुखण्यातून उठलेली माणसे हवापालटासाठी येथे येत राहिली आहेत. पूर्वी अशा पाहुण्याच्या सामानात शाल, कानटोपी आणि काढ्याची बाटली असे. आज त्यांच्या जोडीला एक लहानशी डबी हटकून असते. तिला वारांच्या नावांचे सात खण असतात, आणि एकेका खणात चार, सहा, कधी आठ-आठ गोळ्या असतात. एक रक्तदाबाची, एक मधुमेहाची, एक हृदयाची, एक झोपेची, आणि एक या सर्वांमुळे होणाऱ्या पित्ताची! प्रत्येक गोळी कोणा ना कोणा जाणत्या डॉक्टराने विचारपूर्वक दिलेली असते. परंतु या सर्व गोळ्या एकाच पोटात उतरतात, एकाच रक्तातून वाहतात, एकाच यकृतापुढे हजर होतात आणि बहुधा एकाच मूत्रपिंडाच्या वाटेने बाहेर पडतात. मग वाटेत त्यांची एकमेकींशी गाठ पडल्यावाचून कशी राहील? ही गाठ कशी पडते आणि रोग्याच्या उशाशी असणाऱ्या परिचारिकेने ती कशी ओळखावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनी व विद्यार्थी माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पण ज्या घरात एखादे वृद्ध माणूस आहे त्या घरालाही मी यात धरले आहे, कारण त्या घरात कोणी ना कोणी परिचारिकेचेच काम करीत असते.

या विषयाचे महत्त्व मला ज्या प्रसंगाने पटले, तो खंडाळ्यातच घडला. काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या वहिनी उन्हाळ्यात पंधरा दिवस तेथे राहावयास गेल्या होत्या. त्यांच्या हृदयाची गती अनियमित असल्यामुळे त्या वॉरफरिन नावाचे, रक्तात गुठळी होऊ न देणारे औषध नियमाने घेत असत. एके दिवशी बरेच चालणे झाले आणि गुडघा सुजला. कोणी तरी दुकानातून दुखण्यावरच्या गोळ्या आणून दिल्या. देणाऱ्याने काही विचारले नाही आणि वहिनींनीही काही सांगितले नाही. गुडघ्याच्या गोळीचा आणि हृदयाच्या गोळीचा संबंध काय, असेच त्यांना वाटले असणार. पाचव्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त आले. दंडावर निळे डाग उमटले. ‘उष्णता झाली असेल’ असे म्हणून आम्ही शहाण्यांनी त्यांना गुलकंद दिला!

शेजारच्या बंगल्यात सुटीवर आलेली एक मुलगी त्या संध्याकाळी सहज भेटावयास आली. परिचर्येच्या अभ्यासक्रमाचे तिचे दुसरेच वर्ष होते. दंडावरचे डाग पाहून तिने विचारले, “काकू, गेल्या आठ दिवसांत नवीन कोणतं औषध सुरू केलंत? आणि शौचाला काळं होतंय का हो?” वहिनींनी जरा संकोचाने दुसऱ्या प्रश्नाला होकार दिला. त्याच तासाला त्यांना लोणावळ्यास रुग्णालयात नेले. रक्त गोठण्यास लागणारा वेळ फाजील वाढला होता आणि जठरात रक्तस्राव सुरू झाला होता. सहा दिवसांनी त्या घरी परतल्या. त्या मुलीने कोणतेही औषध दिले नव्हते, इंजेक्शन टोचले नव्हते. तिने केवळ एक प्रश्न विचारला होता, आणि तो वेळेवर विचारला होता.

हा प्रश्न तिला का सुचला? कारण औषध म्हणजे काय आणि ते शरीरात गेल्यावर काय होते, हे तिला ठाऊक होते. तेव्हा आपणही तेथूनच आरंभ करू.

औषधशास्त्राचा सारा पसारा दोन प्रश्नांवर उभा आहे. औषध शरीराला काय करते, हा पहिला. आणि शरीर औषधाला काय करते, हा दुसरा. आपल्या पेशींवर जागोजागी जणू कुलपे बसविलेली आहेत. शरीरातील स्वाभाविक द्रव्ये ही त्यांच्या किल्ल्या. बहुतेक औषधे या किल्ल्यांची नक्कल करतात. काही कुलूप उघडतात, तर काही भोकात नुसती अडकून बसतात आणि खऱ्या किल्लीला आत येऊ देत नाहीत. दम्याचा फवारा श्वासनलिकेतील एक कुलूप उघडून ती नलिका सैल करतो. हृदयाचे ठोके मंदावणारी काही औषधे तशाच जातीचे कुलूप अडवून ठेवतात. म्हणूनच दमेकऱ्याला ती औषधे देताना फार सावध राहावे लागते.

परंतु एकच औषध हितकर केव्हा आणि घातक केव्हा, हे मात्रेवर अवलंबून असते. आपल्या चरकानेही योग्य योजनेने विष औषध होते आणि अयोग्य योजनेने औषध विष होते, असे बजावून ठेवले आहे. गुणकारी मात्रा आणि घातक मात्रा यांत काही औषधांच्या बाबतीत ऐसपैस अंतर असते. काहींच्या बाबतीत ते एखाद्या बांधाएवढे अरुंद असते. वॉरफरिन, हृदयाचे डिगॉक्सिन, फेफऱ्यावरचे फेनिटॉइन, मनोविकारातील लिथियम, दम्याचे थिओफिलिन ही अशी अरुंद बांधावरून चालणारी औषधे होत. विद्यार्थ्यांनी ही पाच नावे तोंडपाठच करावीत. सोबत्याच्या किंचित धक्क्याने रोगी बांधावरून खाली जातो तो बहुधा यांच्याच बाबतीत.

आता दुसरा प्रश्न. शरीर औषधाला चार अवस्थांतून नेते: शोषण, वितरण, रूपांतर आणि उत्सर्जन. औषध आतड्यातून रक्तात शिरते, रक्ताबरोबर अवयवांत पसरते, मुख्यतः यकृतात त्याची मोडतोड होते आणि मूत्र किंवा मल यांच्या वाटेने ते बाहेर पडते. गिळलेले औषध आतड्यातून प्रथम यकृताकडेच जाते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. हृदयशूळावरची नायट्रोग्लिसरीनची गोळी जिभेखाली ठेवावयास सांगतात ती याचसाठी. गिळली तर यकृत तिचा बहुतेक भाग वाटेतच फस्त करून टाकते.

रक्तातील औषध निम्मे होण्यास जो काळ लागतो, त्याला अर्धायुष्य म्हणतात. अर्धायुष्य चार तासांचे असेल तर चार तासांनी निम्मे, आठ तासांनी पाव, बारा तासांनी दोन आणे उरते. पाच अर्धायुष्ये उलटली म्हणजे जवळजवळ सर्व जाते. पॅरासिटॅमॉलचे अर्धायुष्य दोन-तीन तासांचे आहे, तर डिगॉक्सिनचे दीड-दोन दिवसांचे. आणि मूत्रपिंड थकलेले असेल तर ते याहूनही लांबते. ‘दिवसातून तीनदा’ आणि ‘दिवसातून एकदा’ या लिहिण्यामागे हे गणित असते. सकाळची गोळी चुकली म्हणून रात्री दोन घेणारा रोगी हे गणित मोडीत असतो.

एवढे समजल्यावर औषधांच्या भेटी कोठे कोठे होतात, हे सहज सांगता येईल.

पहिली भेट दारातच, म्हणजे पोटात होते. टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांसारखी जंतुनाशके दुधाबरोबर घेतली, तर दुधातील चुना त्यांना घट्ट धरून ठेवतो आणि औषध रक्तात न जाता मलावाटे निघून जाते. लोहाच्या व चुन्याच्या गोळ्या, आम्लपित्ताची पांढरी पातळ औषधे यांचेही तसेच. गळग्रंथीची, म्हणजे थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावयाची आणि लोहाची व चुन्याची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावयाची, हा नियम याच कारणाने केला आहे. सकाळच्या चहाबरोबर लोहाची गोळी घेणाऱ्या बायका आपल्याकडे घरोघर आढळतात. त्या चहाने गोळीचा मोठा भाग वाया घालविलेला असतो. इसबगोल घेणाऱ्यांनीही इतर औषधांत व त्यात अंतर ठेवावे.

दुसरी भेट यकृतात होते, आणि ती सर्वांत गुंतागुंतीची आहे. यकृतात औषधांची मोडतोड करणारी विकरे असतात. काही औषधे त्या विकरांचे बळ वाढवितात, तर काही त्यांचे हात बांधून टाकतात. क्षयावरील सहा महिन्यांच्या उपचारातील रिफॅम्पिसिन हे पहिल्या जातीचे ठळक उदाहरण होय. त्याच्या सहवासाने यकृत इतके कामसू होते की संततिनियमनाच्या गोळ्या, वॉरफरिन, स्टिरॉइडे व मधुमेहाच्या काही गोळ्या यांचा ते भराभर फडशा पाडते. क्षयाचा उपचार घेणाऱ्या तरुण आईला ही गोष्ट कोणी सांगितली नाही, तर ती गोळी चुकविली नसतानाही पुन्हा गरोदर राहू शकते; आणि दोष मात्र तिच्या निष्काळजीपणाला दिला जातो. तिला दुसरे साधन सुचविणे हे तिच्या उपचाराचेच अंग आहे. उलट बाजूही ध्यानात असावी: रिफॅम्पिसिन थांबल्यावर यकृत दोनएक आठवड्यांत पूर्वपदावर येते, आणि त्याच्या जोरासाठी वाढविलेल्या इतर मात्रा तेव्हा फाजील ठरतात.

हात बांधणाऱ्यांचे उदाहरण एका फळाने दिले आहे. १९८९ साली कॅनडातील डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबावरील फेलोडिपीन या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो, हे पाहात होते. मद्याची चव कळू नये म्हणून त्यांनी ते ग्रेपफ्रूटच्या रसातून दिले. रक्तातील औषध अपेक्षेहून कितीतरी अधिक निघाले, आणि शोध घेता दोषी ठरला तो रस! त्या फळातील द्रव्ये आतड्यातील विकरांना निकामी करतात. आपल्या कोकणातले पपनस हे त्याच गोतातले फळ असून त्यातही तशी द्रव्ये असतात. रक्तदाबाची व कोलेस्टेरॉलची काही औषधे घेणाऱ्याने पपनसाच्या फोडी खाण्यापूर्वी विचारलेले बरे. एरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल हीदेखील याच हात बांधणाऱ्या वर्गात मोडतात.

तिसरी भेट बाहेर पडण्याच्या वाटेवर, मूत्रपिंडात होते. लिथियम घेणाऱ्याला आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी किंवा लघवी वाढविणारी काही औषधे दिली, तर लिथियम शरीरात साचू लागते. हातापायांचा कंप आणि झोकांड्या हे त्याचे पहिले इशारे. रक्तदाबाची काही औषधे, लघवीचे औषध आणि दुखण्याची गोळी ही तिन्ही एकदम आली, तर मूत्रपिंडाचेच काम बिघडण्याचा धोका असतो. जुलाबाने किंवा उन्हात चालण्याने शरीरातील पाणी आटलेले असेल तर विशेषच.

मात्र या वाटेवरची प्रत्येक भेट वाईटच असते असे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलिन इतके दुर्मिळ होते की रोग्यांच्या मूत्रातून ते परत काढून घेत असत. ते मूत्रावाटे लवकर निघून जाऊ नये म्हणून जी औषधे शोधली गेली, त्यांतून प्रोबेनिसिड आले. ते मूत्रपिंडातील वाट अडवून पेनिसिलिनला शरीरात अधिक काळ ठेवते. खंडाळ्यावरून पुण्याकडे जाताना पिंपरी लागते. तेथे १९५४ साली सरकारी मालकीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही संस्था स्थापन झाली आणि पेनिसिलिन आपल्याच देशात मुबलक तयार होऊ लागले. क्षयावर एकच औषध दिले तर जंतू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून अनेक औषधे एकत्र द्यावयाची, हीदेखील मुद्दाम घडवून आणलेली हितकर सोबतच होय.

चौथी भेट औषधांच्या कार्यस्थळी होते. घाटात सदतीस फुटांत एक फूट इतका चढ आहे, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडण्याची पद्धत आहे. ती पुढच्या इंजिनाच्याच दिशेने जोर लावतात. दोन औषधे अशी एकाच दिशेने जोर लावतात तेव्हा परिणामांची बेरीज होते, आणि कधी ती बेरजेहूनही अधिक होते. घाटात गाडी लागते म्हणून निघताना गोळी घेण्याची आपली रीत आहे. तिच्यात बहुधा गुंगी आणणारे औषध असते. सर्दीच्या गोळीतही त्याच जातीचे औषध असते. रात्रीची झोपेची गोळी त्यात मिळाली, आणि वर कोणी एखादा पेला घेतला, तर चार इंजिने एकाच दिशेने ओढू लागली! तरुणाला यातून नुसती पेंग येईल, पण गाडी चालविणारा तोच असेल तर घाटातल्या वळणावर ती पेंगही जीवघेणी ठरेल. वृद्धाला भ्रम होईल, तोल जाईल, आणि पौरुषग्रंथी वाढलेली असेल तर लघवीही तुंबेल. नायट्रोग्लिसरीन आणि सिल्डेनॅफिल ही दोन औषधे एकत्र आली, तर रक्तदाब धोकादायकपणे कोसळतो. छातीत दुखते म्हणून आलेल्या पुरुषाला हा प्रश्न संकोच न बाळगता, पण एकान्तात, विचारलाच पाहिजे.

माझ्या वहिनींच्या बाबतीत हेच घडले. वॉरफरिनने रक्त गोठण्याची क्रिया मंदावलेली होती. दुखण्याच्या गोळीने रक्तातील बिंबिका दुबळ्या केल्या आणि जठराचे अस्तरही खरवडले. शिवाय घरी रोज होणारी मेथी, पालक, अळू यांची भाजी खंडाळ्याच्या मुक्कामात बंद झाली होती. वॉरफरिन ज्या ‘के’ जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करते, ते या पालेभाज्यांतून मिळते. पालेभाजी खाऊ नये असा याचा अर्थ नव्हे. ती रोज सारख्या प्रमाणात खावी, एवढाच आहे. या औषधाचे मूळही गमतीचे आहे. अमेरिकेत कुजलेले गोड क्लोव्हर गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत. १९३३ साली एका शेतकऱ्याने न गोठलेल्या रक्ताचा डबा विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आणून ठेवला. त्या शोधातून वॉरफरिन निघाले. १९४८ मध्ये ते उंदीर मारण्यासाठी विकले जाऊ लागले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झाले. मात्रेचा महिमा याहून स्पष्ट कोण सांगेल?

औषधाच्या सोबत्याचा विचार आपल्याला परका नाही. आपले वैद्य औषधाबरोबर अनुपान सांगत: हे मधातून, ते तुपातून, हे कोमट पाण्याबरोबर. आणि पथ्यही सांगत. औषध एकटे नसते, ते कशाबरोबर जाते यावर त्याचा गुण ठरतो, ही जाण त्या दोन शब्दांत आहे. परंतु याच परंपरेमुळे आपल्यात एक गैरसमजही रुजला आहे: झाडपाल्याचे ते औषधच नव्हे, त्याने अपाय होतच नाही! सर्पगंधेची गोष्ट याचे उत्तर आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात सर्पगंधेने रक्तदाब कसा उतरतो हे दाखवून दिले, आणि साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. तेच द्रव्य काही रोग्यांना खोल विषण्णतेत ढकलते, हेही पुढे दिसून आले. जी मुळी एवढे करू शकते, ती रक्तदाबाच्या इतर गोळ्यांबरोबर मुकाट्याने कशी बसेल? घशासाठी चघळावयाचे ज्येष्ठमध घ्या. एखादा तुकडा निरुपद्रवी. पण आठवडेच्या आठवडे भरपूर घेतले तर ते शरीरात मीठ साठविते, पोटॅशियम घालविते आणि रक्तदाब चढविते. खंडाळ्याच्या बंगल्यांच्या कुंपणावर फुललेली पिवळी कण्हेर तर हृदयावर डिगॉक्सिनसारखाच परिणाम करणारे विष अंगी बाळगून आहे. तेव्हा रोग्याला ‘औषधे कोणती घेता?’ एवढेच विचारू नये. ‘काढा, चूर्ण, चाटण, मुळी काय घेता?’ असे वेगळे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना बहुतेक लोक या गोष्टी औषधांत मोजीतच नाहीत.

या शास्त्रातील कितीतरी शोध प्रयोगशाळेबाहेर, साध्या निरीक्षणातून लागले आहेत. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका क्षयरोग रुग्णालयात आयप्रोनियाझिड दिलेले रोगी विलक्षण आनंदी दिसू लागले, आणि त्यातून विषण्णतेवरची पहिली औषधे निघाली. त्या वर्गातील एक औषध घेणाऱ्या काही रोग्यांना अकस्मात भयंकर डोकेदुखी होई. १९६३ साली इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथील रो नावाच्या एका औषधविक्रेत्याने आपल्या पत्नीला चीज खाल्ल्यावर अशी डोकेदुखी होते, हे पाहिले आणि बॅरी ब्लॅकवेल या डॉक्टरांना पत्र लिहून कळविले. चीजसारख्या घरगुती पदार्थावर प्रथम कोणाचा विश्वास बसेना. पुढे सिद्ध झाले की चीजमधील टायरामिन हे द्रव्य एरवी शरीर नष्ट करते. ते औषध मात्र नष्ट करणाऱ्या विकरालाच अडविते, आणि रक्तदाब भडकतो. एका माणसाने स्वयंपाकघरात पाहिलेली गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकांत गेली ती अशी.

परिचारिकेचे स्थान या दृष्टीने अद्वितीय आहे. डॉक्टर रोग्याजवळ काही मिनिटे असतो. परिचारिका आठ-आठ तास असते. पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली आपल्या स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठविले, तेव्हा समाजाची नाके मुरडली होती. आज त्याच कामाला किती ज्ञान लागते, हे थोडक्यात सांगतो.

योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ही पाच पथ्ये शिकविली जातातच. त्यांना ‘योग्य सोबत’ हे सहावे जोडा. डिगॉक्सिन देण्यापूर्वी पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. प्रौढाची नाडी साठाखाली असेल तर गोळी हातातच ठेवून डॉक्टरांना विचारा. लघवीचे औषध सोबत असेल तर रक्तातील पोटॅशियमचा आकडा पाहा, कारण ते कमी झाले की डिगॉक्सिन नेहमीच्या मात्रेतही विषारी ठरते. इन्सुलिन टोचण्यापूर्वी जेवण समोर आहे ना, ते पाहा. हृदयाचे ठोके मंदावणारे औषध घेणाऱ्या मधुमेह्याची साखर उतरली तर धडधड व कापरे हे नेहमीचे इशारे झाकले जातात. घाम मात्र सुटतो, तो ओळखा. दोन औषधे एकाच पिचकारीत किंवा सलाइनच्या एकाच नळीत मिसळण्यापूर्वी थांबा. सेफ्ट्रिॲक्सोन चुना असलेल्या रिंगर लॅक्टेटमध्ये साखळते आणि नवजात बालकांत ते प्राणघातक ठरलेले आहे. फेनिटॉइन ग्लुकोजच्या द्रावात घातले तर त्याचेही कण बनतात. आणि विपरीत परिणाम दिसला तर तो लिहून कळवा. त्यासाठी आपल्या देशात २०१० पासून औषध-दक्षतेचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, आणि त्यात परिचारिकेलाही नोंद करता येते.

गृहस्थांसाठी चारच गोष्टी. घरातील प्रत्येक रोग्याच्या औषधांची एक यादी करा. तीत व्यापारी नावापुढे मूळ औषधाचे नाव लिहा. एकच पॅरासिटॅमॉल आपल्याकडे असंख्य नावांनी विकले जाते, आणि तापाची, सर्दीची व अंगदुखीची अशा तीन गोळ्यांतून ते तीनदा पोटात जाऊ शकते. निरोगी प्रौढाला दिवसाकाठी चार ग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा. वृद्धाला व मद्य घेणाऱ्याला त्याहून कमी. मिश्र गोळ्यांचा सुळसुळाट इतका झाला की सरकारने २०१६ च्या मार्च महिन्यात अशा ३४४ मिश्रणांवर बंदी घातली होती. दुसरी गोष्ट, ही यादी प्रत्येक डॉक्टराला आणि प्रत्येक दुकानदाराला दाखवा. प्रवासात ती डबीतच ठेवा. तिसरी, शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपली मानू नका. आणि चौथी, हे भाषण ऐकून घाबरून कोणतेही चालू औषध आपल्या मनाने बंद करू नका. अनेक औषधे एकदम थांबविणे हे चुकीच्या सोबतीहूनही घातक असते. शंका आली तर विचारा.

त्या मुलीला पुढे मी विचारले, “तुला एवढं नेमकं कसं सुचलं?” ती म्हणाली, “आमच्या बाईंनी सांगितलं होतं, रोग्याला अचानक काही नवीन झालं की आधी नवीन औषध शोधायचं, नवा रोग मागाहून.” श्रोतेहो, या एका वाक्यात माझे सारे भाषण आले. वहिनी आजही दरवर्षी खंडाळ्यास जातात. त्यांच्या सात खणांच्या डबीच्या झाकणाखाली घडी केलेला एक कागद असतो. त्यावर त्यांच्या सर्व औषधांची नावे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली आहेत, आणि सर्वांत खाली लिहिले आहे: ‘गुडघा दुखल्यास प्रथम विचारावे.’